आई-बापांना सचिव करू नका

आपल्याकडे कुणाचं मूल गेलं की पाचव्या-सहाव्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "त्याच्या नावानं काहीतरी करू या." म्हणणारा अगदी मनापासून म्हणत असतो. घरात बसलेल्या सगळ्यांना हायसं वाटतं, कारण इतका वेळ कुणालाच काही करता येत नसतं आणि आता एकदाचं करण्यासारखं काहीतरी सापडलेलं असतं. तेरवीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप तयार होतो, ग्रुपला मुलाचा फोटो लागतो, खाली क्यूआर कोड येतो. दोन-तीन महिन्यांत संस्थेची कागदपत्रं तयार. अध्यक्ष बाप, सचिव आई. आणि सगळे त्यांना सांगतात, "आता यातच मन रमवा."

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा रविवार वाचेल. संस्था जरूर काढा. आई-बापांना विश्वस्तही करा. पण त्यांना सचिव करू नका.

मला यातलं काय कळतं? माझ्या आतेभावाची मुलगी आठ वर्षांपूर्वी गेली. सोळा वर्षांची होती. कशानं गेली ते इथे लिहीत नाही, तिचं नावही लिहीत नाही. तिवस्याला तिच्या नावाची एक अभ्यासिका आहे, तिथल्या पाटीवर आहे तेवढं पुरे. भाड्याच्या दोन खोल्या, चाळीस खुर्च्या, इन्व्हर्टर, पाण्याचा कॅन, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि मुलींसाठी रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी बसायची जागा. दादा अध्यक्ष, वहिनी सचिव आणि पुण्यात बसून एक्सेल सांभाळणारा कोषाध्यक्ष म्हणजे मी. माझे शनिवार कुठे जातात असं ऑफिसातले लोक विचारतात, त्याचं खरं उत्तर हे आहे. तेव्हा पुढचं सगळं त्या खुर्चीत बसून लिहिलेलं आहे असं समजा.

आधी दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. काम केल्यानं बरं वाटतं. मुलाच्या जाण्यात सगळ्यात असह्य काय असतं, तर आई-बापांच्या हाताला अचानक काम उरत नाही. डबा नाही, फी नाही, "अजून कशी आली नाही" ही काळजी नाही. प्रेम तेवढंच शिल्लक आणि ते खर्च करायला जागा नाही. अशा वेळी दुसऱ्या चाळीस मुलांच्या पाण्याची काळजी करायला मिळणं ही मोठी गोष्ट असते. दु:खावर काम करणाऱ्या लोकांनीही हे मान्य केलंय. पूर्वी असा समज होता की शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून हळूहळू मन सोडवून घेणं. १९९६ च्या सुमारास काही अभ्यासकांनी त्याच्या उलट मांडणी केली: नातं तुटत नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहतं, आणि तसं चालू राहणं हा आजार नव्हे. म्हणजे लेकीच्या नावानं अभ्यासिका चालवणारी आई "अजून बाहेर पडली नाही" असं म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं.

गंमत म्हणजे मन सोडवून घ्यायची कल्पना ज्याच्या नावावर आहे त्या फ्रॉइडलाही पुढे ती पुरली नाही. त्याची मुलगी सोफी १९२० साली फ्लूच्या साथीत गेली. नऊ वर्षांनी, मुलगा गमावलेल्या एका मित्राला लिहिताना त्यानं कबूल केलं की अशी जागा कधी भरत नाही, आणि भरलीच तर तिथे जे येतं ते दुसरंच काहीतरी असतं.

तर नातं चालू राहतं, मान्य. पण नातं चालू राहणं वेगळं आणि संस्था चालू ठेवणं वेगळं. आपण या दोन गोष्टींची गाठ बांधून टाकतो, आणि माझा आक्षेप त्या गाठीला आहे.

सचिवाचं काम नेमकं काय असतं ते बघा. महाराष्ट्रात असली संस्था धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवावी लागते. मग दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद, ऑडिट, अहवाल सादर. एखादा विश्वस्त बदलला की बदल अर्ज. सभेची नोटीस, इतिवृत्त, ठरावाची प्रत, प्रतीवर सह्या. बँकेत सह्या करणाऱ्या प्रत्येकाचं केवायसी. देणगीदाराला करसवलत हवी असते (जिला सगळे ८०जी म्हणतात ती), तिची नोंदणी २०२१ पासून एकदाच करून भागत नाही, मुदत संपली की पुन्हा अर्ज. देणग्यांचं विवरण ऑनलाइन भरायचं, त्यात प्रत्येकाचा पॅन, एक अक्षर चुकलं की त्याचं प्रमाणपत्र अडकलं आणि त्याचा फोन आला.

यातलं काहीही अन्यायाचं नाही. लोकांचा पैसा आहे, हिशेब द्यायलाच हवा. पण यातल्या प्रत्येक कागदावर, प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक पावतीवर मुलीचं नाव आहे. आणि नावाच्या आधी "कै." आहे. ओटीपी आला का, सही जुळत नाही, या खात्याचं नाव तीस अक्षरांत बसत नाही, थोडं छोटं करा... आईनं बँकेच्या काउंटरवर उभं राहून लेकीच्या नावातली कुठली अक्षरं गाळायची ते ठरवायचं! हे काम कुणाही भाड्याच्या माणसाला दोन मिनिटांचं आहे. आईला ते दोन मिनिटांचं नसतं.

दोन वर्षांपूर्वी वहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, मले पोरीची आठवण येते ते बरं वाटते. पण पावती पुस्तक पाह्यलं का पोटात गोळा येते. आता तिचं नाव काढलं का मले आधी पावती पुस्तकच दिसते."

हे वाक्य मला वाचलेल्या सगळ्या अभ्यासांपेक्षा जास्त सांगून गेलं. संस्था आठवणीसाठी काढली होती, आणि आता आठवणीच्या वाटेत संस्थाच उभी होती.

याला कारण आहे. १९९९ मध्ये श्ट्रोबे आणि शुट या दोन संशोधकांनी एक साधी गोष्ट मांडली: शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतो. कधी तो दु:खात असतो, कधी रोजच्या आयुष्याच्या कामात. निरोगीपणा त्या हेलकाव्यातच असतो. रडून झालं की भाजी आणायला जायचं, भाजी आणताना विसरायचं, मग पुन्हा आठवायचं. आता स्मृती-संस्थेचं सचिवपद काय करतं? भाजी आणायला जायची जी बाजू, विसरायची जी बाजू, तिथेही मुलीलाच नेऊन बसवतं. दु:खाची खोली आणि कामाची खोली यांच्यामधली भिंतच पडते. विश्रांतीला जागा उरत नाही.

शिवाय दोन्हीकडची घड्याळं वेगळी. दु:ख कधीही येतं आणि ३१ मार्च मात्र दरवर्षी ३१ मार्चलाच येतो. वाढदिवसाच्या आठवड्यात ऑडिटर बसलेला असला तर त्याला "पुढच्या महिन्यात या" म्हणता येत नाही.

इथे आमच्याकडचे लोक हमखास गाडगेबाबांचा दाखला देतात. साहजिक आहे, अमरावती जिल्ह्याचा माणूस. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, ही गोष्ट वऱ्हाडात लहानपणीच कानावर पडते. मग दादासारख्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून कुणीतरी म्हणतं, "बाबांनी पाहा कसं केलं."

मला गाडगेबाबांबद्दल काडीचाही अनादर नाही, उलट आहे तो आदर नीट बसावा म्हणूनच म्हणतो, हा दाखला उलटा वापरला जातो. एक तर बाबांनी घर सोडलं १९०५ साली. गोविंदा गेला तेव्हा झाडू आणि कीर्तन हे काम अठरा वर्षांचं जुनं होतं. ते गोविंदासाठी सुरू झालं नव्हतं आणि गोविंदाच्या आठवणीवर चालायचं नव्हतं. म्हणून ते थांबलं नाही, थांबायचं कारणच नव्हतं. दुसरं म्हणजे पंढरपूरच्या त्यांच्या धर्मशाळेवर नाव चोखामेळ्याचं आहे, आणि ती धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करून टाकली. उभं करायचं आणि सोडून द्यायचं. आणि तिसरं, जे मला जास्त टोचतं: गोविंदाला आईही होती. कुंताबाई. बाबांची गोष्ट सांगणारा एकही माणूस मी असा पाहिला नाही जो पुढे विचारतो, की त्या रात्री कुंताबाईंचं काय झालं. धैर्याचा दाखला द्यायला आपल्याला नेहमी व्यासपीठावरचा माणूस सापडतो.

बरं, मग कुणाचं जमलं? जमलेली उदाहरणं आहेत, आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं तर काही दिसतं.

पुण्याचे अनिल आणि कविता गाडगीळ. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून गेला. चूक वैमानिकाची, असं ठरलं. आई-वडिलांना ते मान्य नव्हतं. त्यांनी लेखी भांडण मांडलं, ते थेट राष्ट्रपतींपर्यंत नेलं, आणि त्याच बरोबर मुलाच्या नावानं हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान काढलं. पुढे पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट उभी केली, जिथे मुलांना सिम्युलेटरवर उड्डाणाचे धडे मिळतात. आपल्या इंजिनिअर मंडळींना यातली गोम लगेच कळेल. तिथे सोडवायला एक खराखुरा प्रश्न होता: वैमानिकाला जमिनीवर पुरेसा सराव मिळतो का? तिथे शिकणाऱ्या मुलाला अभिजितची गोष्ट माहीत नसली तरी सिम्युलेटर त्याला तेवढंच शिकवतो.

मुंबईचे दादाराव बिल्होरे घ्या. सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश २०१५ च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात गेला. भाजी विकणारा हा माणूस तेव्हापासून रस्त्यावरचे खड्डे बुजवतोय, शेकडो बुजवले. सुरुवात झाली ती फावडं, राडारोडा आणि रस्ता एवढ्यावर. अध्यक्ष-सचिव असली भानगड नाही. त्यांना ज्या दिवशी जावंसं वाटतं त्या दिवशी जाता येतं, आणि ज्या दिवशी नाही त्या दिवशी त्यांची नोटीस कुणी काढत नाही. हे स्वातंत्र्य फार मोठं आहे. (खड्डे बुजवणं हे कुणाचं काम होतं हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे.)

नीरजा भनोत सगळ्यांना माहीत आहे, सिनेमामुळे तर आणखीच. १९८६ साली कराचीत प्रवाशांना वाचवताना ती गेली. मुंबईत राहणाऱ्या तिच्या आई-वडिलांनी विम्याच्या रकमेत पॅन अ‍ॅमनं घातलेली भर मिळवून ट्रस्ट केला. काम काय, तर पुरस्कार द्यायचे. रोजचा गाडा नाही, दारात रांग नाही. वडील गेल्यावर भावांनी पुढे चालू ठेवलं. कामाचा आकार असा ठेवला की ते हातातून हातात जाऊ शकलं.

आणि हिमाचलमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात २००९ साली रॅगिंगमध्ये गेलेला अमन काचरू. त्याचे वडील राज काचरू यांनी रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आणि तक्रारींचा माग ठेवणारी व्यवस्था उभी करण्यात वर्षानुवर्षं घातली. दुसऱ्यांच्या मुलांच्या तक्रारी वाचायच्या, त्याही नेमक्या त्याच प्रकारच्या... ते काम त्यांनी निभावलं याबद्दल हात जोडतो. पण ते निभावता येणं हा नियम समजू नये, तो अपवाद आहे.

आता एक उलटं उदाहरण, आपल्या धंद्याच्या काशीतलं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं अधिकृत नाव आजही लेलंड स्टॅनफर्ड ज्युनिअर युनिव्हर्सिटी आहे. ज्युनिअर म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा, १८८४ साली फ्लॉरेन्सला टायफॉइडनं गेला. आई-बापांनी १८८५ साली त्याच्या नावानं विद्यापीठ स्थापलं, १८९१ ला ते उघडलं, १८९३ ला बापही गेला. मग आईनं, जेन स्टॅनफर्डनं, पैसे अडकलेले असताना घरखर्चाला मिळणाऱ्या रकमेतून ते जगवलं. तिच्याशिवाय ते बंद पडलं असतं. पण त्याच आईनं १९०० साली एका प्राध्यापकाची मतं पसंत नाहीत म्हणून त्याला राजीनामा द्यायला लावला, आणि त्याच्या निषेधार्थ आणखी काही प्राध्यापक सोडून गेले. मला यात जेनबाईंचा दुष्टपणा दिसत नाही. विद्यापीठ तिचं लेकरू होतं, आणि लेकराच्या तोंडून भलतंसलतं ऐकवत नाही. १९०३ साली तिनं आपले अधिकार विश्वस्त मंडळाकडे सोपवले, आणि विद्यापीठ खऱ्या अर्थानं विद्यापीठ झालं.

उलट मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी. सर कावसजी जहांगीर यांनी गेलेल्या मुलाच्या, जहांगीरच्या, आठवणीत पैसे दिले, १९५२ ला गॅलरी उघडली. आज चित्रकार सहज म्हणतो, "जहांगीरला प्रदर्शन आहे." ते एका मुलाचं नाव आहे हे म्हणणाऱ्याच्या डोक्यातही नसतं. काहींना हे वाईट वाटेल. मला वाटतं स्मारकाला यापेक्षा जास्त काय मिळणार? नाव रोज हजार तोंडी आहे आणि त्यासाठी बापाला दारात बसून राहावं लागलं नाही.

तर माझी मागणी काय? चारच गोष्टी.

एक. वर्षश्राद्धापर्यंत नोंदणी करू नका. सार्वजनिक न्यास नोंदवणं त्या मानानं सोपं, पण बंद करणं महाकठीण. एकदा पैसा लोकांचा झाला की तो परत घरी येत नाही. दुसऱ्या न्यासात विलीन करता येतं, पण त्यालाही मंजुऱ्या. म्हणजे आयुष्यातल्या सर्वात वाईट महिन्यात आपण माणसाकडून जवळजवळ मागे न घेता येणारा निर्णय घेऊन घेतो. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकू नये हे आपल्याला कळतं, मग हे का कळू नये?

दोन. तोवर, आणि पुढेही शक्य असेल तर, असलेल्या संस्थेला द्या. शाळा, वाचनालय, वसतिगृह. फक्त ठेव ठेवून व्याजातून बक्षीस देण्याचा हिशेब नीट करा. १९८५ साली पाच हजारांची ठेव १० टक्क्यांनी वर्षाला पाचशे रुपये द्यायची, शाळेतल्या मुलाला ते मोठं बक्षीस होतं. आज तेच पाच हजार साडेसहा टक्क्यांनी सव्वातीनशे देतात, त्यात एक बरी वही-पेनची जोडीही धड येत नाही. शाळाशाळांतल्या फलकांवर अशी कितीतरी नावं आहेत ज्यांचं बक्षीस केव्हाच बंद पडलंय. त्यापेक्षा दहा वर्षांत संपेल अशी रक्कम द्या आणि संपू द्या. दहा मुलींची फी भरली गेली, हे पुरेसं आहे.

तीन. सचिव आणि कोषाध्यक्ष घराबाहेरचे, आणि शक्य तर दोघे असे की एकाला उद्या बदली लागली तरी दुसऱ्याला सगळे पासवर्ड माहीत आहेत. आई-बापांकडे दोन अधिकार राखून ठेवा: मुलाचं नाव कुठे लावायचं आणि कुठे नाही, आणि कोणत्याही वर्षी कारण न सांगता गैरहजर राहण्याचा.

चार. थांबण्याची तरतूद पहिल्या दिवशीच बोलून ठेवा. पाच वर्षांनी बसून ठरवू, चालवायचं की दुसऱ्याच्या हाती द्यायचं. हे आधी बोललेलं नसेल तर नंतर कुणालाच बोलता येत नाही, कारण संस्था बंद करणं म्हणजे मूल दुसऱ्यांदा जाणं असं वाटायला लागतं. ते तसं नसतं. अभ्यासिका बंद झाली तर अभ्यासिका बंद होते. लेक त्यात राहत नव्हती.

यावर दादाचा आक्षेप मी मुद्दाम लिहितो, कारण तो सोपा नाही. दादा म्हणतो, "बाहेरच्याले काय पडलं हाय? आपण जीव लावतो म्हणून नळाले पाणी असते." आणि हे खरं आहे. इन्व्हर्टर बिघडला तर रात्री साडेनऊला मेकॅनिककडे जातो तो बापच जातो, पगारी माणूस सकाळी बघू म्हणतो. घराबाहेरच्यांच्या हाती दिलं तर दोन वर्षांत धूळ बसेल ही भीती खोटी नाही. विदर्भात अशा किती संस्था नुसत्या पाट्यांपुरत्या उरल्यात ते आपण पाहतोच. माझं एवढंच म्हणणं आहे, की बापाच्या जखमेवर चालणारा इन्व्हर्टर ही काही व्यवस्था नव्हे. चाळीस मुलींना रात्री नऊपर्यंत उजेड हवा असेल तर तो गावानं द्यायला हवा. एका घरानं मूल गमावलं म्हणून गावाला अभ्यासिका मिळाली, आणि त्या घरानं कायम दु:खात राहावं म्हणजे ती चालू राहील, हा सौदा मला लाजिरवाणा वाटतो.

आणि हे गावाला जमत नाही असं मला कुणी तिवसा तालुक्यात तरी सांगू नये. अमरावतीहून नागपूरला जाताना तिवस्याच्या आधी मोझरी लागते, तिथे तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. महाराज १९६८ च्या ऑक्टोबरात गेले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. एवढा प्रचंड जमाव, आणि एकाएकी सगळं शांत. ज्यांनी अनुभवलंय त्यांना अंगावरचा काटा सांगायला नको. पण मला त्यातली व्यवस्था आवडते. शोकाला एक वेळ ठरवून दिलेली आहे, मिनिटासकट. त्या वेळी बाकी काही नाही. आणि ती वेळ संपली की कुणी पंगतीचं वाढप बघतो, कुणी पार्किंग, कुणी पाणी. रडणारा आणि वाढणारा एकच माणूस असला पाहिजे अशी सक्ती नाही, आणि हे सगळं इतकी वर्षं कुणा एकाच्या जखमेवाचून चालू आहे.

आमच्या अभ्यासिकेचं सांगायचं तर यंदाच्या सभेत ठराव ठेवलाय. सचिवपदी गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं नाव सुचवलंय, बाईंनी हो म्हटलंय. सोबत इथेच अभ्यास करून नोकरीला लागलेली एक मुलगी सहसचिव. वहिनी विश्वस्त राहतील. दादाचा अजून होकार नाही, आणि मी त्याच्या मागे लागणार नाही, त्यालाही त्याच्या घड्याळानं चालायचा हक्क आहे. ठराव नामंजूर झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा ठेवू.

वहिनींना विचारलं, सचिवपद सुटलं तर काय कराल? म्हणाल्या, "काई नाही. तिथं जाऊन बसीन कधीमधी. पोरी वाचत असतात, पंखे चालू असतात. कोणी मले ओळखलं नाही तरी चालते."

तेव्हा मंडळी, तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, आणि आपल्या वयात आता असं कुणीतरी असतंच, तर त्यांच्या पोस्टखाली "ग्रेट वर्क" लिहून पुढे जाऊ नका. "तुम्ही किती खंबीर आहात" हे तर अजिबात म्हणू नका, त्या शब्दानं माणसाला आणखी एक वर्ष सचिव राहावं लागतं. फोन करा आणि विचारा, ऑडिटची तारीख कधी आहे? पॅनची यादी कुणी तपासतंय का? लॅपटॉप तुमच्याकडे आहे, शनिवारही आहे. दोन तासांचं काम असतं. ते तुम्ही करा, म्हणजे त्यांना त्या दोन तासांत नुसतं आई-बाप राहता येईल.